थोरल्याचा निरोप, धाकट्याची पोच

प्रिय वन्सं,

जिंकलो! हा शब्द मुद्दाम पहिल्या ओळीत टाकला आहे, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. ऑफिसचा नुसता वास आला तरी तू पुढचं वाचणार नाहीस आणि हा कागद एखाद्या कुंडीखाली घालशील. घाल, पण शेवटपर्यंत वाचून मग घाल. मेल तू न उघडता उडवतेस. फोनवर मी 'प्रोसेसर'मधला 'प्रो' म्हटला रे म्हटला, की तुझ्या रोपवाटिकेत नेमकं गिऱ्हाईक येतं. म्हणून ही जुनी तऱ्हा : पाकीट, तिकीट आणि माझं औषधाच्या दुकानदारालाही न लागणारं अक्षर. आणि 'वन्सं' वाचून नाक मुरडू नकोस. तू माझी मैत्रीण आधी आणि नणंद नंतर, हे मान्य. पण तूच मला घरी जेवायला नेऊन नेऊन तुझ्या भावाच्या गळ्यात बांधलंस, तेव्हा आता मानाचा शब्द ऐकून घ्यावाच लागेल.

एक आगाऊ सूचना. तुला झोपेत विचारलं तरी सांगता येतील अशा गोष्टी मी या पत्रात पहिलीच्या वर्गाला सांगाव्यात तशा सांगणार आहे. कारण पाकीट चिकटवण्याआधी पत्र आईंना वाचून दाखवायचं आहे. तशी त्यांची अटच आहे. "माझ्या लेकीला जे काय लिहायचं ते मला कळेल असं लिही. तिच्यावर आळ घेतलात तेव्हाही तुम्ही सगळे इंग्रजीतच कुजबुजत होतात." यातला 'तुम्ही सगळे' मला लागला. त्या वेळी घरात 'धाकट्याने ऐकलं नाही', 'धाकट्याने दगा दिला' एवढंच कानावर पडत होतं, आणि शेजारच्या काकू आईंना विचारून गेल्या की, तुमच्या मुलीला एक मुलगा आहे आणि तो वाया गेलाय म्हणे, आम्हाला कधी बोलला नाहीत!

तर आई, धाकटा म्हणजे प्रोसेसर. आपल्या कंपनीचा तो औषधाचा पंप आहे ना, रुग्णाच्या खाटेशी उभा राहून नळीतून थेंब थेंब औषध सोडणारा, त्याच्या पोटात एकाच चिपवर दोन प्रोसेसर असतात. थोरला पडदा सांभाळतो, बटणं सांभाळतो, डॉक्टरांच्या खोलीशी बोलतो. थोडक्यात, मिरवायची सगळी कामं त्याच्याकडे. धाकट्याकडे एकच काम : मोटर फिरवायची, तीही अगदी मोजून. थोरल्याचा प्रोग्रॅम लिहायचं काम माझं, धाकट्याचा, वन्सं, तुझं. दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक पेटी असते. थोरल्याने पेटीत निरोप ठेवायचा आणि घंटा वाजवायची, धाकट्याने मोटरचा चालू फेरा संपवून यायचं, निरोप उचलायचा, कामाला लागायचं. पेटीत जागा एकाच निरोपाची. आणि अशा पेट्या चिपच्या कारखान्यागणिक वेगळ्या, म्हणून कर्नेलने, म्हणजे थोरल्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, सगळ्यांसाठी एक रीत घालून दिली आहे. पेटी कुणाचीही असो, पाठवणाऱ्याने निरोप त्याच पद्धतीने द्यायचा, आणि पेटी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं : मागचा निरोप उचलला गेला का? उत्तर 'हो' आलं की कर्नेल पुढचा निरोप पेटीत टाकतो. एवढंच. (या दोघांची उपमा नणंद-भावजयांना द्यायचा मोह मी आवरला आहे. आपल्यात पेटी नाही. आपण समोरासमोर भांडतो.)

आता तो दिवस. मी त्या दिवशी आईंच्या मोतीबिंदूपाशी होते, त्यामुळे सगळं ऐकीव आहे, पण इतक्या जणांकडून ऐकलंय की मी हजर असल्यासारखं सांगू शकते. इस्पितळाचे मोठे डॉक्टर, त्यांची मेट्रन, आपल्या मालकीणबाई, आणि सगळ्यांच्या पुढे झालंसाहेब. (आई, हे आमचे साहेब. काहीही विचारलं तरी 'झालं, झालं' म्हणतात म्हणून हे नाव. नाव तुमच्या मुलीनेच ठेवलं आहे.) नळीत औषधाऐवजी पाणी, खाली बादली. मेट्रनने 'थांबा'चं बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं : थांबलं. साहेबांनी हात पसरून म्हटलं, "झालं!" आणि पाणी चालूच. कुणीतरी नळी सरळ करायला गेलं, ती बादलीतून सुटली आणि पडदा हिरवंगार 'थांबलं' दाखवत असताना मोठ्या डॉक्टरांचा डावा बूट शांतपणे भरत राहिला. ते पाणी होतं म्हणून सगळे हसू शकले. खाटेवर माणूस असता तर?

तू हसली नाहीस, असं सांगतात. तू म्हणालीस, "धाकट्यापर्यंत निरोप आलाच नसणार." साहेब म्हणाले, "पडदा 'थांबलं' म्हणतोय, निरोप पोचलाच असणार. म्हणजे ऐकलं नाही ते तुझ्या धाकट्याने." मग ती बैठक, मग तो ठपक्याचा कागद, आणि तू खुर्चीवरची शाल उचलून निघून गेलीस ती थेट दुसऱ्या गावी मैत्रिणीच्या रोपवाटिकेत. त्या संध्याकाळपासून माझ्यासमोर प्रश्न एकच होता. थांबायचा तो निरोप धाकट्याने उचलला होता की नव्हता? उचलला असेल तर चूक तुझी, आणि ज्या कामात तू उभी हयात घातलीस त्यात तुझ्या नावापुढे कायमची फुली. नसेल उचलला, तर ज्यांनी तुला घालवलं त्यांनी ते नाव धुऊन परत द्यायचं. अधलंमधलं काही नाही.

साहेबांनी माझ्याबाबत एक हिशेब केला होता, तो तुला सांगायलाच हवा. तू गेल्यावर चार दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लोटून, चहा मागवून ते म्हणाले, "नणंद आहे म्हणून तुला बोलता येत नसेल, पण मनातून सुटल्यासारखं वाटत असेल, नाही?" म्हणजे नणंद-भावजय म्हटलं की एकीच्या पायात काटा गेला तर दुसरी नाचणार, असा त्यांचा समज. त्यांनी माणसांचा अभ्यासही यंत्रांसारखाच केलेला, वरवर. मी म्हटलं, "हो ना साहेब, फार मोकळं वाटतंय. आता धाकट्याचं कामही मलाच द्या." ते इतके खूश झाले की लगेच म्हणाले, "झालं!" अशा रीतीने दोन्ही घरचा कारभार माझ्या हातात आला आणि दोन्ही घरं उघडून बघायचा हक्कही.

मी पंपाचा सांगाडा रविवारी घरी आणला. जेवणाच्या टेबलावर मांडला, बादली खाली ठेवली आणि दोन दिवे जोडले : थोरल्याने पेटीत निरोप ठेवला की लाल लागणार, धाकट्याने उचलला की पिवळा. आता बटण दाबायला माणसं हवीत. तुझा दादा आठवडाभर लोकांचे दात उपटून दमलेला, पण तुझं नाव काढल्यावर बाह्या सरसावून बसला. आई तर आधीपासूनच खुर्ची ओढून तयार. त्यांना बटणावरचा 'थांबा' हा शब्द फार आवडला. म्हणाल्या, "असं एक बटण मला लग्नातच द्यायला हवं होतं."

आणि गंमत बघ. दादा दाबतो, पंप थांबतो. दाबतो, थांबतो. आईंनी दाबलं की मात्र मधूनच तो बहिरा. पडदा म्हणतो थांबलं आणि पाणी आपलं बादलीत. आई चिडल्या. "हे मेलं माझंच ऐकत नाही. घरात दुसरं कोण ऐकतं म्हणून हे ऐकेल!" दादा म्हणाला, "आई, तू नीट दाबत नाहीस. बोट सरळ ठेव, दंतवैद्यासारखं." "मला बोट शिकवतोस? चमचा धरायला तुला मी शिकवलं." मायलेकरांचं चांगलंच जुंपलं, आणि मी त्यांना थांबवायचं सोडून त्यांच्या बोटांकडे बघत बसले. दादा दाबत होता कसाही, मनाला येईल तेव्हा. आई मात्र पडद्यावरच्या घड्याळाकडे बघून, सेकंदाचा आकडा पलटला की त्याच ठोक्याला दाबत होत्या. नवीन डोळा आल्यापासून त्यांना आकडे पलटताना बघायचा छंद लागलाय, तुला माहीत नसेल.

सेकंदाचा आकडा! वन्सं, तुला आठवतंय ना? दर सेकंदाला थोरला धाकट्याला आणखी एक निरोप पाठवतो : आता इतके वाजले. बिनकामाचा निरोप. साहेबांना हवा होता म्हणून घातलेला. मी आईंना म्हटलं, "तुम्ही अशाच ठोक्याला दाबत राहा, काही केल्या बदलू नका." आणि दिव्यांकडे डोळे लावले. लाल दोनदा लागला, पिवळा एकदाच. परत लाल दोनदा, पिवळा एकदा. थोरला दोन निरोप ठेवत होता, धाकटा एकच उचलत होता. धाकटा मोटरचा एक फेरा पूर्ण करून पेटीपाशी येईपर्यंतच्या त्या पापणीभर वेळात 'थांबा'च्या डोक्यावर 'इतके वाजले' येऊन बसत होतं. धाकटा बिचारा धावत येऊन पेटी उघडतो तर आत काय, वेळ. त्याने वेळ वाचली आणि इमानाने मोटर फिरवत राहिला. ज्याला 'थांब' म्हणून कुणी सांगितलंच नाही, तो थांबेल कसा?

मी टेबलावरून उठून आईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिची चूक नाही ना? तेवढं बोल." मी म्हटलं, नाही. त्या बटणावरचं बोट न काढता रडल्या, आणि दादा चष्मा पुसायला आत गेला. त्याला चष्मा नाही.

पण कर्नेल विचारतो ना, मागचा उचलला गेला का? मग दुसरा निरोप पहिल्याच्या डोक्यावर पडलाच कसा? सोमवारी सकाळी मी पेटी सांभाळणारा प्रोग्रॅम उघडला. त्या प्रश्नाचं उत्तर जिथे द्यायचं, तिथे पेटीकडे डोकावून बघायचं असतं. पेटीवर भरली-रिकामी सांगणारी खूण असते, चिप बनवणाऱ्यांनी ती केवढ्या हौशीने दिलेली असते. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय होतं, सांगू? एकच ओळ. 'हो.' न बघता, न विचारता, कायमचं हो. आणि शेजारी शेरा : 'सध्यापुरतं.' ओळीखाली नाव झालंसाहेबांचं, ते तरुण आणि केसाळ असतानाच्या काळातलं. दहा-बारा वर्षं तो 'सध्यापुरता' हो तिथे बसून होता. माणसाचा स्वभाव त्याच्या प्रोग्रॅममध्ये उतरतो असं ऐकलं होतं, पण इतका हुबेहूब उतरतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तू हे सगळं होण्याच्या कितीतरी आधी डबा खाताना मला सांगितलं होतंस : पेटी रिकामी झाली, एवढ्यावर भागणार नाही. धाकट्याने उलट निरोप पाठवला पाहिजे, 'थांबलो' म्हणून. ती पोच हातात आल्यावरच पडद्याने तोंड उघडावं. पोच आली नाही तर लाल अक्षरांत लिहावं : 'थांबल्याची खात्री नाही, नळी हाताने बंद करा.' त्यासाठीचं दार कर्नेलमध्ये आधीपासून आहे. पाठवणाऱ्याने स्वतःच, उत्तर मिळाल्यावर, 'पोचला' म्हणून सांगायचं दार. आपल्या पेटीने ते कधी उघडलंच नव्हतं. तू त्याचं थोरल्याकडचं आणि धाकट्याकडचं, दोन्ही बाजूंचं लिहूनही ठेवलं होतंस, आणि साहेबांनी ते बाजूला सारलं होतं. का, तर पडदा पापणीभर उशिरा बोलेल. आणि त्यांचं ते अजरामर वाक्य : "'खात्री नाही' असं यंत्रावर लिहिलं तर यंत्र घेईल कोण?" मी तुझं काम जसंच्या तसं उचललं. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. फक्त त्या 'हो'च्या जागी पेटीकडे बघणारी ओळ घातली, ती तेवढी माझी.

साहेबांना दाखवलं. आधी ते पांढरे पडले, मग मवाळ झाले. "अगं, ते सध्यापुरतं होतं." मी म्हटलं, "हो, लिहिलंय तसं." मग त्यांनी तोडगा काढला : घड्याळाचा निरोप बंद करू, कुणाला कळणार नाही, झालं! मी म्हटलं, हा पेटीचा प्रोग्रॅम आपल्या एकट्यांचा नाही, तो सार्वजनिक कर्नेलमध्ये आहे, तीच चिप वापरणारे जगभर आहेत, त्यांच्याकडेही हाच 'हो' बसला आहे. दुरुस्ती तिथेच जायला हवी, सगळ्यांसमोर. "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" असं त्यांनी विचारलं, आणि मला त्यांची खरी भीती कळली. तिथे प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. 'हो'ची ओळ काढली की काढणारीचं नाव येणार, आणि कुणाची काढली तेही दिसणार. मी म्हटलं, "साहेब, माझ्या नणंदेला तुम्ही ठपका दिलात तो बैठकीत, सगळ्यांसमोर. मी तुम्हाला ठपका देत नाही. मी फक्त ओळ दुरुस्त करते." आणि पाठवली.

आता खवटआजोबांची गोष्ट. (आई, हे कर्नेलमधल्या त्या पेट्यांच्या खात्याचे रखवालदार, यांच्या होकाराशिवाय दुरुस्ती आत जात नाही. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसतात, देव जाणे. कदाचित तिशीतलेही असतील, पण त्यांचा खवटपणा पिकलेला आहे, म्हणून आम्ही आजोबा म्हणतो.) त्यांचं पहिलं उत्तर एका ओळीचं : "हा 'हो' इतकी वर्षं कुणालाच दिसला नाही?" दुसऱ्या खेपेला : "तुमचं स्पष्टीकरण दुरुस्तीपेक्षा लांब आहे. हे कर्नेल आहे, कादंबरी नव्हे." मी निम्मं कापलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, दोन गोष्टी एकात कोंबल्या आहेत, वेगळ्या करा : एक 'हो'ची, एक पोचेची. बरोबर होतं त्यांचं, केल्या वेगळ्या. पोचेच्या कामावर मात्र ते बरेच दिवस गप्प. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल बघायची. दादा म्हणायचा, "आधी दात. माझ्या धंद्याची अब्रू आहे." आणि एके दिवशी दुरुस्त्यांवरची मेल जिथे सगळ्या जगाला दिसते त्या सार्वजनिक यादीवर भलत्याच कुणाचं पत्र येऊन पडलं. उद्वाहनं बनवणारी कंपनी, कुठल्यातरी थंड मुलखातली. त्यांनी लिहिलं होतं की आमची लिफ्ट दोन वर्षं मधूनच मजला चुकवत होती. आम्ही वायरी बदलल्या, मोटरी बदलल्या, शेवटी एका इंजिनियरलाही बदललं. तुमची दुरुस्ती घातल्यावर लिफ्ट शहाणी झाली. आणि खाली एक ओळ : "आम्ही त्या इंजिनियरला फोन केला आहे."

ते वाचून मी ऑफिसात उभी राहून टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. लोकांना वाटलं कुणाचा वाढदिवस आहे. त्याच दुपारी खवटआजोबांचं उत्तर आलं, पोचेच्या कामाबद्दल. पूर्ण उत्तर लिहिते, लांब नाही : "हे बरोबर आहे. पहिल्यापासून असंच हवं होतं." वन्सं, या माणसाने आजवर कुणाला 'ठीक' यापलीकडे काही म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि ते जे बरोबर आहे ना, ते तुझं होतं.

मग मालकीणबाईंना वर जाऊन सगळं सांगितलं, दोन दिव्यांसकट दाखवलं. त्यांनी बिघाडाचं कारण स्वतः लिहून काढलं. त्या कागदासोबत इस्पितळाला परत बोलावणं गेलं. तीच नळी, तीच बादली. मोठे डॉक्टर या वेळी रबरी चपला घालून आणि भिंतीला टेकून. साहेब भाषणाला उठले तर मेट्रन म्हणाली, "ते नंतर. आधी मला सांगा, कुठल्या ठोक्याला दाबलं की हे बिघडायचं?" मी सांगितलं. तिने घड्याळाकडे नजर लावली आणि नेमकं त्या ठोक्यावर दाबलं. थांबलं. पुन्हा. थांबलं. तिने डाव्या हाताने दाबलं, न बघता दाबलं, दुसऱ्याशी बोलता बोलता दाबलं. दर खेपेला आधी पाणी थांबायचं आणि मग पडदा बोलायचा. मोठे डॉक्टर भिंत सोडून बादलीपर्यंत आले. मग मी सगळ्यांसमोर धाकट्याची वायर उपटली आणि मेट्रनला म्हटलं, आता दाबा. साहेबांनी डोळे मिटले. पडदा लाल झाला : थांबल्याची खात्री नाही, नळी हाताने बंद करा. मेट्रनने नळी चिमटीत धरली, बंद केली आणि म्हणाली, "हे मला आवडलं. हे खोटं बोलत नाही. माझ्या वॉर्डात हेच यंत्र येणार, मग खरेदीचे कागद कुणीही करा."

आणि साहेब काय म्हणाले असतील? "ते लाल वाक्य आमच्या टीमचं वैशिष्ट्य आहे." आमच्या टीमचं! मालकीणबाईंनी शांतपणे विचारलं, "टीममधल्या कुणाचं?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि इतका वेळ पीत राहिले की ग्लासाला तळ नसावा. मी म्हटलं, "जिच्यावर आपण याच यंत्राचं खापर फोडलं, तिचं." मालकीणबाईंनी डॉक्टरांसमोर, मेट्रनसमोर आणि त्या बैठकीला हजर असलेल्या प्रत्येकासमोर सांगितलं की तो ठपका चूक होता आणि तो रद्द झाला आहे. हे त्यांनी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा साहेब पाणी पीत होते म्हणून. तुला परत ये म्हणून त्यांचं वेगळं पत्र येईल. यायचं की गुलाबांपाशी राहायचं ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. (पडणारच होते, पण आई आत्ताच डोकावून गेल्या आणि "तिला आग्रह करू नकोस" म्हणाल्या. जाताना मात्र तुझ्या खोलीतल्या चादरी बदलायला घेऊन गेल्या.)

आता कामाचं. हे सगळं तुला नुसतं फुशारकी म्हणून लिहिलेलं नाही. 'हो'ची दुरुस्ती आत गेली, तिच्याखाली माझं नाव लागलं. पोचेचं काम मात्र खवटआजोबांच्या हातात तयार असून दाराबाहेर उभं आहे, एका ओळीसाठी. कर्नेलचा दंडक आहे : ज्याने लिहिलं त्याने स्वतः, स्वतःच्या पूर्ण नावाने लिहून द्यायचं की हे माझं आहे आणि मी ते देत आहे. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी लिहायचं नाही. मी त्या कामावर पहिली लेखिका म्हणून तुझं नाव घातलं आहे आणि त्याखालची सहीची जागा रिकामी आहे. साहेब म्हणाले, "तिचं नाव काढ, आजच्या आज जाईल." मग म्हणाले, "बरं, घरचीच आहे ना? तूच टाक तिची सही, झालं!" मी त्यांना विचारलं, साहेब, न बघता लिहिलेल्या 'हो'ने एवढं रामायण केलं, आता मी तिला न विचारता तिचा 'हो' लिहू? खवटआजोबांनाही कळवलं की हे काम जिचं आहे ती सध्या झाडांमध्ये आहे आणि मेल वाचत नाही, मी पत्र पाठवते आहे. नव्या आवृत्तीचं दार पंधरवड्यात बंद होतं. त्यांनी उत्तर दिलं : "थांबतो." तेव्हा हाताची माती धू आणि ती एक ओळ पाठव. आत्तापर्यंत जे माझ्याच्याने झालं ते सगळं मी केलं. ही ओळ तुझ्याशिवाय कुणालाच लिहिता येत नाही.

डब्याला एकटी बसून कंटाळलेली, पण तसं कबूल न करणारी,

तुझीच
वहिनी